गाडी वर्कशॉपला हाय

लोहाऱ्यात समुद्र नाही. तरी आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी एक नवं जहाज तयार होतं आणि भगवानमामा उंबऱ्यावर नारळ फोडतात. खोबरं खाऊन खाऊन सगळ्या गल्लीला खोकला लागलाय.

भगवानमामा माझे शेजारी. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हेडमेकॅनिक, एकटा जीव. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ओट्याच्या पलीकडं जाणं बंद. वेळ जावा म्हणून मीच त्यांच्या मोबाईलवर लढाऊ जहाजांचा गेम घालून दिला. कुठून बुद्धी झाली देव जाणे!

गेम सोपा. गोदी बांधायची, जहाजं बनवायची, शत्रूवर सोडायची. मामांनी शेवटचं कलम रद्दच केलं. "गाडी भाईर गेली की ठोकूनच येती, मास्तर. म्या जल्मभर हेच बघितलं." जहाजांची नावं तरी काय? 'लोहारा–मुरुम साधी', 'लोहारा–उमरगा जलद'! जहाज कोरं करकरीत असलं तरी आठवड्याला तपासणी. गेममध्ये मी आणि मामा एकाच गटात, शेजारी-शेजारी बंदरं. गटाचा कप्तान, कुठला कोण, रोज काकुळतीला येऊन लिहायचा, "चाचा, जहाज भेजो!" मामांचं उत्तर ठरलेलं, "गाडी वर्कशॉपला हाय."

वर्षभरात एकेचाळीस जहाजं झाली, एकालाही ओरखडा नाही. दसऱ्याला मोबाईलला झेंडूचा हार. एकदा मी चिडलोच, "मामा, हे आरमार आहे का डेपो?"

"डेपोच," मामा शांतपणे म्हणाले.

गेल्या महिन्यात आईच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस सोलापूरला होतो. गेमची शुद्ध कुणाला! परत आल्यावर सहज उघडला. शत्रू माझ्या बंदरावर चालून आला होता, तरी बंदर शाबूत. मामांच्या गोदीत मात्र एक जहाज शिल्लक नाही. एकूणएक माझ्या बंदरापुढं उभी केली होती आणि सगळी बुडाली होती.

मी तसाच ओट्यावर गेलो. "मामा, काय केलंत हे? गेममधलं बंदर ते, बुडालं असतं तर बुडालं असतं!"

"आई कशा हायत तुमच्या?"

"बरी आहे आता."

मामांनी चष्मा पुसला. "लई यावं वाटत व्हतं सोलापूरला. पर हे गुडघे लेकाचे! दवाखान्यात डबा घिऊन येणं झालं न्हाय. मग म्हटलं, तुमच्या माघारी तुमच्या दारात तरी हुबं ऱ्हावं."

माझे डोळे भरून आले. मी मामांच्या मोबाईलमध्ये डोकावलो. रिकाम्या गोदीत एका जहाजाचं काम चालू होतं.

"नाव काय देणार?"

"लोहारा–सोलापूर," मामा म्हणाले. "विनाथांबा."

या खेपेचा नारळ मी आणला.