पुढची सीट रिकामी

चष्मेवाल्याची बायको गेली तेव्हापासून त्यांची दोन सीटांची लांबलचक सायकल जिन्याखाली उभी होती आणि चष्मेवाला खिडकीत. दोघंही जागचे हलत नव्हते. शेवटी मुलीनं ती सायकल उताराखालच्या सुताराला विकून टाकायचं ठरवलं.

"तुम्हीच नेऊन द्या, बाबा. दुकान बंद, जेवण नावापुरतं, बोलणं तर नाहीच. असंच चाललं तर आईपाठोपाठ तुम्हीही जाल!"

लेकीपुढं कुणाचं चाललंय? चष्मेवाल्यानं सायकल उताराच्या तोंडाशी आणली आणि जन्मभराच्या सवयीनं टांग टाकून मागच्या सीटवर बसला. हँडल पुढं, ब्रेक पुढं, आणि ते धरणारी मात्र नाही, हे ध्यानात येईतो सायकल सुटली होती.

"अहो काका, पुढं कुणी नाहीये!" दूधवाला किंचाळला.

"ठाऊक आहे!" चष्मेवाला त्याहून मोठ्यानं ओरडला. "उठल्यासुटल्या तेच काय ऐकवता!"

आता पुढचं कुणाला पटो न पटो, पण सायकल आपली आपण वळली. पावाच्या दुकानाशी डावीकडे, पोस्टाशी उजवीकडे, अगदी त्याची बायको वळवायची तशी. पाववाल्याचं कुत्रं सायकलच्या मागं लागलं. कुत्र्यामागं पाववाला, पाववाल्यामागं अर्धी रांग, आणि सगळ्यांच्या मागं हातात चपला घेऊन लेक.

"बाबा, उडी मारा!"

बाबांचं लक्षच नव्हतं. इतकी वर्षं मागं बसून त्यांनी पाहिली होती ती फक्त बायकोची ऐसपैस पाठ. अख्ख्या गावाला दृष्टी देणाऱ्या माणसानं गाव कधी पाहिलंच नव्हतं! घरांना रंग होते. कुणाच्या गच्चीवर पिवळ्या फुलांचा नुसता पूर आला होता. आणि शेवटच्या वळणावर घरं एकाएकी बाजूला झाली अन् समोर तळं उघडलं. या काठाचं आभाळ त्या काठापर्यंत पसरलेलं. चष्मेवाल्याचा श्वास अडकला. तो सुटायच्या आत सायकल पाण्यात शिरली.

कमरेएवढ्या पाण्यात तो चष्मा पुसत उभा राहिला.

"एवढं मोठं तळं!" धापा टाकत आलेल्या लेकीला तो म्हणाला. "रोज इथून जायचो आम्ही. तुझ्या आईनं एका शब्दानं सांगू नये?"

"सांगितलं असतं तर तळं बघत तुम्ही पायडल मारायचं थांबला असता. परतीचा चढ तिनं एकटीनं चढायचा होता का?"

चष्मेवाल्याला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं आणि रडता रडता ठसका लागला. "लबाड बाई!" तो तळ्याकडं बघून म्हणाला. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदाच बायकोशी भांडत होता.

सुतारानं सायकल ओढून काठावर घेतली. "काका, सायकल शाबूत आहे. ठेवून घेऊ ना?"

"ठेवून काय घेता? मागून ढकला, वर न्यायचीय."

"परत?" लेक किंचाळली. "बाबा, मरता मरता वाचलात!"

"म्हणून तर," चष्मेवाला पँट पिळत म्हणाला. "पोस्टापाशी भीतीनं डोळे मिटले होते माझे. तेवढं बघायचं राहिलंय."