मेश्राम मॅडमचा जव

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मेश्राम मॅडम गच्चीतल्या कुंड्यांत जव लावत आणि त्याच्या ओंब्यांना बटर पेपरच्या टोप्या घालत. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात हे पाहून कोणीही थबकणारच. एकदा दूधवाल्यानं विचारलं, काहून टोप्या घातल्या? मॅडम म्हणाल्या, परका पराग आत येऊ नये म्हणून. त्याला काय कळलं देव जाणे, पण तेव्हापासून तो दूध उंबऱ्याबाहेरच ठेवू लागला. समोरच्या काकू जवाला जवस समजून चटणीसाठी वाटी घेऊन आल्या. मॅडमनी त्यांना दोहोंतला फरक सविस्तर समजावला. वाटी रिकामीच परत गेली.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी इतिहास शिकवायचो, त्या वनस्पतिशास्त्र. त्यांच्याजवळ जवाचे दोन बिघडलेले वाण होते. एकाचं कुसळ आखूड, दुसऱ्याचं पान तेल चोळल्यासारखं चकचकीत. "बिघडलेले नाही सर, वेगळे म्हणा," त्या मला सुधारत. या दोघांचा संकर करायचा, आणि आखूड कुसळ नि चकचकीत पान एकाच झाडात किती वेळा भेटतात ते नातवंडांच्या पिढीत बघायचं. त्यावरून गुणसूत्रावर त्या दोन गुणांची घरं एकाच गल्लीत आहेत की लांब, याचा अंदाज बांधायचा. निवृत्तीनंतरही त्यांचा हाच उद्योग होता.

"जोडीनं दिसलं म्हणजे जोडलेलंच असते असं नाही," हे त्यांचं पालुपद. प्राचार्यांच्या मिशा आणि राग यांचा संबंध त्यांनी याच न्यायानं फेटाळला होता. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा सगळी स्टाफरूम हळहळत होती. मॅडम डबा खाता खाता म्हणाल्या, शेजारी होते, सुटले.

त्यांचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा होता आणि त्याच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती. आजीचंही तसंच होतं म्हणे. त्यांच्या गावी, आसगावात, लोक त्याला मुका म्हणत. मॅडम मात्र त्याच्याशी हातांनी तासन् तास बोलत. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा प्रशांत याला बटही नव्हती आणि ऐकूही चांगलं येत होतं. तो जवाहरनगरला दारूगोळा कारखान्यात नोकरीत होता.

त्या हिवाळ्यात प्रशांतला मुलगी झाली. तिच्या कपाळावर पांढरी बट होती.

मॅडम गच्चीवर जायच्या बंद झाल्या. कुंड्यांना मीच पाणी घालू लागलो. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना प्रशांत आला. चहा हातात तसाच धरून म्हणाला, "आत्या, तू तं यातलीच आहे. सांग न, पोरीले ऐकू येईल काय?"

मॅडमनी त्याच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला.

"जवाची नातवंडं मले हजारानं भेटतात, बाबू. आपल्या घरी एकच पोरगी आली. एकीवरून मी काय सांगू?" मग म्हणाल्या, "आणि नाही आलं ऐकू, तं मी आहो न."

नागपूरला पोरीच्या कानांची तपासणी झाली त्या दिवशी दुपारी मी मॅडमच्या दारातच होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. मॅडमनी तो उचलला आणि कानाला न लावताच माझ्या हातात दिला. प्रशांत रडत होता की हसत होता, कळेना. मी ऐकलं आणि सांगितलं, दोन्ही कान ठीक आहेत. मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या. "परत सांगा," म्हणाल्या. मी परत सांगितलं. "अजून एकदा."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर बसून त्या जवाहरनगरला गेल्या. क्वार्टरमध्ये नुसता गोंगाट होता. कोणी खुळखुळा वाजवी, कोणी ताटली. पोरगी दर वेळी मान वळवी आणि सगळे पुन्हा खूश होत. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे हात तेवढे हलत होते. कपाळाला बोट, मग छातीशी तळवा, मग हवेत काहीतरी. पोरगी टक लावून पाहत होती.

प्रशांतच्या बायकोनं विचारलं, हा कोणता खेळ?

"तिच्या आजोबाची भाषा होय. आता कोणाले कामाची नाही."

प्रशांत दारात उभा होता. तो येऊन मॅडमसमोर खाली बसला आणि अडखळत, आठवत आठवत हातांनीच काहीतरी बोलला. मॅडमनी त्याचं एक चुकलेलं बोट धरून सरळ केलं, आणि त्याला पुन्हा म्हणायची खूण केली.