काटेकरचा दुभाष्या

बाळांनो, एका जंगलात पाणवठा एकच होता आणि तहानलेले फार. म्हणून तिथे एक यंत्र बसवलं होतं. आता हरणांची पाळी, आता वाघाची, असं ते पडद्यावर दाखवायचं. वाघही ते मानायचा. यंत्राशी वाद कोण घालणार?

यंत्राची देखभाल काटेकर नावाच्या साळिंदराकडे होती. जंगलात एवढे शिकलेले आपणच, असं त्याला वाटायचं. इतरांनाही वाटायचं, कारण तो काय बोलतो ते कुणालाच कळत नसे.

एकदा यंत्राची मेमरी चिप भरली. काटेकरने ती काढून नवी, मोठी चिप बसवली. पण यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, नव्या चिपची भाषा येत नव्हती. त्यासाठी मध्ये एक दुभाष्या लागतो. शहाणे लोक त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्राने विचारलं, "दुभाष्या गाभ्यातच बसवू, की बाहेर ठेवून लागेल तेव्हा बोलवू?"

"बाहेर," काटेकर म्हणाला. "गाभा कसा सडपातळ हवा."

स्वतःचं पोट सुटलं की दुसऱ्याच्या बांध्याची काळजी फार वाटते. असो. आता दुभाष्याला ठेवायचं कुठे? नव्या चिपमध्ये जागाच जागा होती. काटेकरने त्याला तिथे ठेवलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि कौतुक ऐकायला मागे वळला.

पडदा काळाच राहिला.

काटेकरने यंत्राला थोपटलं, मग दटावलं. ऊन उतरलं. वाघाची यायची वेळ होत आली. पिल्लाला घेऊन उभी असलेली भेकरीण म्हणाली, "काटेकरभाऊ, लेकराचा घसा सुकलाय. आम्ही तसंच पिऊन घेऊ का?"

"आणि वाघानेही तसंच जेवून घ्यायचं ठरवलं म्हणजे?"

ती पिल्लाला बिलगली. "मग अडलंय कुठे, ते तरी सांगा."

"तुला नाही कळायचं. हे बघ, चिप वाचायला दुभाष्या लागतो. दुभाष्याला बोलवायचं तर तो जिथे आहे ते आधी वाचावं लागतं. आणि तो आहे..."

काटेकर थांबला. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घ्यावं, तसं त्याने केलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली. अंगावरचे काटे आपोआप खाली बसले. त्याने नवा गाभा तयार केला आणि या वेळी दुभाष्याला गाभ्यातच बसवलं.

तेवढ्यात झुडपातून वाघ बाहेर आला. पडदा उजळला: 'भेकरांची पाळी. वाघाने थांबावं.' वाघ कुरकुरत खाली बसला. पिल्लू पोटभर पाणी प्यायलं.

"काय बिघडलं होतं रे?" वाघाने विचारलं.

काटेकरचे काटे पुन्हा उभे राहिले. "फार गुंतागुंतीचा दोष होता महाराज. दुसऱ्या कुणाला सापडलाच नसता."

वाघाने त्याला तिथल्या तिथे मुख्य यंत्रतज्ज्ञ केलं. भेकरीण काही बोलणार होती, पण तिने पडद्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. उद्याही पाणी प्यायचं होतं.

तात्पर्य: चूक करायचीच तर अशी करावी, की ती निस्तरायलाही आपल्यालाच बोलवावं लागेल. ही गोष्ट सांगणाऱ्याचं पोट याच धंद्यावर सुटलं आहे.