चन्नव्वाच्या नावावरचा टांगा

तुळजापुरात दिवेलागणीला सगळे टांगेवाले दिवे लावायचे आणि आमचा भीमण्णा तेवढा विझवायचा. तोही कुठं? पोलीस चौकीच्या बरोबर समोर. टांगा थांबवायचा, खाली उतरायचा, दिव्याची काच वर करून फुंकर मारायची आणि चौकीकडं तोंड करून उभं राहायचं. जवान कावून बाहेर यायचा. एकदा तर बिचाऱ्यानं स्वतःच्या खिशातली काडी ओढून दिवा लावून दिला. भीमण्णानं तो पुन्हा विझवला. "चलान लिवा," म्हणाला.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचो. धंदा भिकार. जगाची रड ऐकायची आणि ती 'गरीबपरवर'पासून सुरू करून कागदावर उतरवायची. त्यात भीमण्णा माझा शेजारी, भिंतीला भिंत. म्हणजे दिवसभर कचेरी आणि घरी आलं की भीमण्णा! मूळचा मुरूमकडचा. माणसांशी मराठी बोलायचा, घोड्याशी निव्वळ कानडी. "त्याला मराठी समजत नाही का हो?" असं मी एकदा विचारलं. "समजतंय की. पर मानत न्हाय."

टांगा त्याच्या नावावर नव्हता, बायकोच्या नावावर होता. सासऱ्यानं लग्नात टांगा-घोडा दिला, पण परवाना लेकीच्या नावानं काढला. "जावई उडाणटप्पू हाय, इकून खाईल," असं सासरा भर मांडवात बोलला होता म्हणे. भीमण्णा हे मोठ्या कौतुकानं सांगायचा. पहिला घोडा गेला, दुसरा आला, बायको जाऊन तीन वर्षं झाली, परवाना मात्र तसाच. त्यामुळं चलान बाईच्या नावानं, समन्स बाईच्या नावानं. तारखेला चपराशी कचेरीच्या दारात येऊन खड्या आवाजात भीमण्णाच्या बायकोला पुकारायचा, "चन्नव्वा जौजे भीमण्णा, हाजिर है?"

त्या दिवशी भीमण्णा टांगा जोडायचाच नाही. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, अशा थाटात सकाळपासून कचेरीच्या व्हरांड्यात बसायचा. पुकारा झाला की उठायचा आणि हात जोडून म्हणायचा, "आली न्हाय." झालं, पुढची तारीख. दंड भरायचं मात्र नाव नाही. मला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे. तोंडावर म्हणालोही. तो नुसता हसला.

मग नवे तहसीलदार आले. माणूस कडक. त्यांनी हुकूम काढला, की मेलेल्या माणसाच्या नावावर टांगा चालणार नाही. महिन्याभरात नाव बदला, तुंबलेला दंड भरा, नाहीतर टांगा-घोडा जप्त. भीमण्णानं नोटीस आणून माझ्यापुढं धरली. मी वाचून दाखवली.

"घोडा जाईल, भीमण्णा."

"जाऊ द्या."

"आणि खाणार काय?"

"बगू."

मी अर्ज लिहून ठेवला. फुकट लिहिला, हे मुद्दाम सांगतो. पण अंगठा उठवायला हा तयार होईना. आधी म्हणाला शाई फिकी आहे. मग अमावास्या आली. मग घोड्याचं पोट बिघडलं. ज्याच्यासाठी अर्ज, त्याच घोड्याचं! महिना सरत आला आणि माझं डोकं तापलं. "अहो, उद्या लिलाव पुकारतील," मी ओरडलो, "आणि घेणारा त्या मुक्या जिवाशी मराठीत बोलेल!"

हे मात्र त्याला लागलं. तो मटकन ओट्यावर बसला. म्हणाला, "मुन्शीजी, दंड भरला की मिटलं. नाव बदललं की पुकारा बंद. मग तिचं नाव कोन घील?"

मी हातातला अर्ज खाली ठेवला.

"माहेरचं कुनी उरलं न्हाय. लेकरू झालं न्हाय. म्या तर घेतच नव्हतो."

आमच्याकडं नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हती. लाज वाटायची. पण इतर नवरे निदान दार लावून तरी घेत असतील. हा त्यातलाही नव्हता. लग्नात बायकांनी अडवून नाव घ्यायला लावलं, तेव्हा हा मांडवाच्या मागून पळाला होता. पुढं सगळा संसार 'अगं'वर झाला. आणि ती गेल्यावर तिचं नाव ऐकायला हा माणूस दिवे विझवत फिरत होता. मी त्याला चिक्कू म्हणालो होतो. माझी मलाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगठा उठवला. दंड भरला. तहसीलदारांच्या कारकुनानं, पेशकारानं, अर्ज वाचला, जाड वही उघडली आणि विचारलं, "पहले मालिक का नाम?"

भीमण्णानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, तर पेशकार डाफरला, "तुम नक्को बोलो. अर्जी इनों की है, इनोंच बोलेंगे."

"कागदावर लिहिलंय की साहेब," मी म्हणालो.

"कायदा है. मुँह से बोलना पड़ता."

भीमण्णाच्या कपाळावर घाम फुटला. विभूती ओली झाली. मागं दहा-बारा माणसं ताटकळत उभी, कुणीतरी हसलं. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला, खाली बघत ओठ हलवले.

"जोर से."

"चन्नव्वा," भीमण्णा म्हणाला.

पेशकारानं वहीतल्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली नवं नाव लिहिलं. काम झालं होतं. भीमण्णा हलेना. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, टांग्यापाशी नेलं. म्हटलं, सुटलात, आता घोड्याला कुणी हात लावत नाही.

तो चाकाला टेकून उभा राहिला. पुन्हा एकदा हळू आवाजात नाव घेतलं, मग जरा मोठ्यानं. येणारी-जाणारी माणसं बघत होती, त्याला त्याचं काही नव्हतं.

"किती सोपं हाय वो घ्यायला," तो म्हणाला. "तीस वर्सं नुसतं अगं, अगं केलं. आन् आता हाक माराया आली, तर ओ द्यायला ती न्हाय."