वाढत्या अंगाची खुर्ची

शाळा उघडायला आठवडा राहिला आणि गौतमी सायकलवरच्या खुर्चीत अडकली. पुढच्या दांडीवरची ती वेताची इवलीशी खुर्ची तिच्या वडिलांनी, श्रीमंत मास्तरांनी, ती नुकती बसायला लागली तेव्हा आणली होती. आता ती पहिलीत जायची होती. आईनं, कमलबाईंनी तिला वर ओढलं, तर तिच्याबरोबर सायकलही उचलली गेली. शेवटी शेंगदाण्याचं तेल चोळून पोरीला बाहेर काढलं.

"आता हिला कमलनगरच्या शाळंत कसं न्यायचं? चार मैल का चालणार हाय ती?" कमलबाई म्हणाल्या. "पुढल्या वर्सी घालावं का शाळंत?"

गौतमीनं भोकाड पसरलं. "मी औंदाच जाणार!"

"रडू नगंस. मागं कॅरियरवर नवी खुर्ची बसवू," मास्तर म्हणाले. ते त्याच शाळेत पहिलीला शिकवायचे.

"घ्यायचीच तर वाढत्या अंगाची घ्या. चौथीपस्तोर पुरली पायजे."

कमलनगरच्या दुकानात खुर्च्या होत्या, पण सगळ्या तान्ह्यांच्या. मग मास्तर मडिवाळप्पा वेल्डिंगवाल्याकडे गेले.

"लेकरू केवढं हाय?"

मास्तरांनी हातानं उंची दाखवली. "पण वाढणार की. चौथीपस्तोर पुरंल अशी कर."

"सातवीपस्तोर करतो, मास्तर! इन्नू स्वल्प, आनखी जराशी मोठी बरी. लोखंड घरचंच हाय."

घरचं लोखंड म्हणजे त्याची मोडकी खाट, हे मास्तरांना खुर्ची उचलताना कळलं. उंच पाठ, दोन्ही बाजूंना हात, वर जाडजूड गादी.

"हिच्यात कोण, तहसीलदार बसणार हाय का?" कमलबाईंनी विचारलं.

गौतमी आत बसली आणि दिसेनाशी झाली. मग दोन्ही बाजूंनी उशा खोचल्या, खाली वाकळ घातली आणि वरून जुन्या धोतरानं तिला आवळून बांधलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी सगळी गल्ली बघायला आली. मास्तरांना मागून टांग टाकायची सवय; त्यांचा पाय खुर्चीच्या पाठीत अडकला. दोघांनी धरून त्यांना पुढून बसवलं. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. चढ लागला तसे मास्तर उतरले, आणि पुढचं चाक हवेत गेलं.

"बाबा, घारी दिसायल्यात!" उताणी झालेली गौतमी खुशीत ओरडली.

मास्तर हँडलला लोंबकळले. हँडल सोडावं तर पोरगी आपटणार, न सोडावं तर गाठ कशी सोडणार? तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वळून बघतात तो जीप अंगावर येतेय आणि आत ड्रायव्हरच नाही!

जीप थांबली. स्टीअरिंगखालून, रोज कमलनगरला माणसं नेणारा रामकिशन उतरला. तो इतका बुटका होता, की स्टीअरिंगच्या चाकातूनच रस्ता बघायचा. त्यानं धावत येऊन सायकल दाबून धरली, गाठ सोडली, पोरीला खाली घेतलं. मग त्याची नजर खुर्चीवर खिळली.

"मास्तर, जरा बसून बघू का?"

तो बसला. पाठ टेकली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की उतरायचं नावच घेईना.

"घे रे बाबा ती," जीपमधली एक म्हातारी म्हणाली. "तुला रस्ता दिसंल, अन् आमाला ड्रायव्हर."

"काय घेता, मास्तर?"

"काय नगं. हिला रोज शाळंला नेत जा."

पान्यानं बोल्ट सोडवून खुर्ची जीपच्या सीटवर चढली. रामकिशन तिच्यात बसला आणि पहिल्यांदाच त्याला बॉनेट दिसलं. शेजारी उशा आणि वाकळ रचून गौतमी बसली. मास्तर सायकलवर टांग टाकायच्या आत खच्चून भरलेली जीप निघूनही गेली.

धूळ खात, घामानं निथळत ते शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. वर्गात पोरं उभी राहिली. पहिल्या रांगेत, पाटी छातीशी धरून, गौतमी.

"गुरुजी, उशीर कामून झाला?" तिनं विचारलं.

मास्तरांनी टोपी काढून झटकली.

"काय करू, बाई," ते म्हणाले, "जीपमंदी जागाच गावली न्हाई."