काठोकाठ पियाला

एर्गाशअकांचे हात सकाळपासून थरथरत होते, आणि नेमके आजच मुलाकडचे लोक नान मोडायला येणार होते. नान मोडला की लेकीचं, झुलहुमोरचं लग्न पक्कं.

"अहो, किती गोळ्या घेतल्यात?" बायको ओयदिन खेकसली.

"एक उदासवाण्या मनाची, एक झोपेची. आणि ताश्कंदच्या डॉक्टरची एक, छातीत धडधडतं त्यावर."

"त्या तिघा डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता तरी आहे का?"

"उगाच कशाला कुणाला दुखवायचं?"

"धन्य आहे! पाहुण्यांसमोर गोळ्यांचं अवाक्षर काढू नका. वेड लागलंय म्हणतील, पोरगी घरात बसेल."

पाहुणे आले. आता मार्गिलानात चहा यजमानानंच ओतायचा, तोही पियाल्यात घोटभर. जेवढा कमी, तेवढा मान. काठोकाठ भरला, तर पाहुण्यानं समजायचं, निघा आता. एर्गाशअकांनी मुलाच्या काकाचा पियाला घेतला आणि हातानं दगा दिला. पियाला भरला, ओसंडला, काकाची पँटही भिजली.

"आम्हाला हाकलताय?" काका गरजला.

एर्गाशअकांना 'छे छे, बसा' म्हणायचं होतं. पण जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटलेली. बिचाऱ्यांनी घाईघाईत किटलीच तोंडाला लावली. त्यात गुंगी आली आणि मान खाली डुलली.

"बघा, वर मान डोलावून हो म्हणतोय!" काका ताडकन उठला. सगळे उठले. ओयदिननं कपाळावर हात मारला. दाराआड झुलहुमोर मुसमुसू लागली.

मुलाचा बाप मिर्झोहिद मात्र जागचा हलेना.

"दादा, ऊठ की!"

"कशाला? मलाही काठोकाठ भरा, एर्गाशअका. तोंडाचा नुसता भुसा झालाय." त्यानं पियाला पुढे केला. तोही लटलट कापत होता. किटली एकीकडे, पियाला भलतीकडे, चहा सगळा नानावर.

मिर्झोहिद पुढे वाकून कुजबुजला, "तुमच्या किती?"

"तीन."

"माझ्या दोनच." त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली. "मग वडीलधारे तुम्हीच. मोडा नान."

एर्गाशअकांनी ओला नान मोडला. ओयदिनला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"बाबा, उद्या सगळ्या गोळ्या घेऊन एकाच डॉक्टरकडे जायचं!" झुलहुमोर दाराआडूनच ओरडली.

"मलाही न्या गं," मिर्झोहिद म्हणाला.

काका खाली बसला. ओली पँट झटकत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "गाडीत अजून एक जागा होईल ना?"