ज्या कागदांत भजे बांधले नाहीत

साहेब, गुन्हेगार तुम्ही आहात. रहस्यकथेत हे शेवटी सांगायचं असतं, मला माहीत आहे. पण तुमच्या कार्यालयात कोणताही कागद शेवटपर्यंत वाचला जात नाही, हेही माहीत आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळा झालो.

आता मी कोण, ते ऐका. मी गजेंद्र तायडे, मुक्काम पिंपळगाव राजा. खामगाव तालुक्यातला एक नंबरचा गुप्तहेर. दोन नंबरचा कोणी नाही, कारण हा धंदा करायला दुसरं कोणी तयार नाही. माझी नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची आणि चाल अशी, की मी खोलीत आलो हे लोकांना मी तिसऱ्यांदा खाकरल्यावर कळतं. तानुबाईची हरवलेली कोंबडी मी पंचवीस दिवसांच्या तपासानंतर शोधली. ती नऊ पिल्लं घेऊन आपल्या पायानं घरी आली त्याच दिवशी, हा योगायोग.

गुप्तहेरीनं पोट भरत नाही, म्हणून बसस्टँडसमोर ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवतो. भागीदार आसिफ. वय बेचाळीस, काम प्रिंट काढणं, आणि माझ्या तर्कांवर 'हाव' म्हणणं. दुसरं काम तो हल्ली मन लावून करत नाही.

सोमवारी तुमच्या जिल्हा कार्यालयाचं सगळ्या केंद्रांना पत्र आलं. लोकांची कागदपत्रं आम्ही तुम्हाला पाठवतो, तेव्हा ती वाटेत कोणी वाचू नयेत म्हणून गुप्त भाषेत गुंडाळली जातात. ते गुंडाळायचं काम एक एन्क्रिप्शनची लायब्ररी, म्हणजे कॉम्प्युटरमधला एक तयार प्रोग्राम, करते. ही लायब्ररी उठली की आधी एक कॉन्फिग फाईल वाचते, वरून खाली, एकेक ओळ. आज कोणतं कुलूप लावायचं, किल्ली कुठं ठेवली आहे, सगळं त्यात लिहिलेलं: डावीकडे नाव, मधे बरोबरचं (=) चिन्ह, उजवीकडे उत्तर. तुमचं पत्र म्हणालं, 'सदर फाईल नव्याने डाऊनलोड करून त्यात आवश्यक ते बदल करून घ्यावेत.' खाली बारीक अक्षरात, केंद्र क्रमांक टाकावा. संपलं पत्र. सहीसुद्धा पत्रापेक्षा लांब होती.

शुक्रवारी दुपारी दोनला गादीवाल्या फकीर मोहम्मदची मुलगी अलफिया आली, सोबत तिची आई शकीला. अलफियाचा नर्सिंगच्या पहिल्या यादीत नंबर लागला होता. कागद पाचच्या आत पोचले तर जागा तिची, नाहीतर खालच्या नंबरला. आणि अर्ज ज्या केंद्रातून भरला, कागद त्याच केंद्रातून गेले पाहिजेत, हा नियमही तुमचाच.

मी नवी फाईल उतरवली, क्रमांक टाकला, बटण दाबलं. लाल अक्षरं आली. आसिफनं इंग्रजीतून समजावलं, "फाईल वाचता येत नाही म्हणते. पहिल्या ओळीत बरोबरचं चिन्ह नाही म्हणते."

"पहिल्या ओळीत?" मी हसलो. "आसिफ, गुन्हेगार कधी पहिल्या ओळीत सापडतो काय बे? ही दिशाभूल आहे. पूर्ण फाईलचे प्रिंट काढ. मी शेवटून वाचतो."

अकरा पानं निघाली. भिंग घेऊन मी शेवटच्या ओळीपासून वर चढायला लागलो. आठव्या पानापर्यंत पोचलो तेव्हा तीन वाजले.

"भैया, तीन बज गए," शकीला म्हणाली.

तेवढ्यात माझ्या घारीच्या नजरेनं कीबोर्डवर एक पांढरा तंतू टिपला. चिमटीत धरून मी तो उजेडात नेला. "कापूस. शकीलाभाभी, तुमच्या घरी गाद्या भरतात. हा धागा तुमच्या ओढणीचा. कीबोर्डला हात कोणी लावला?"

"गजूभैया," ती शांतपणे म्हणाली, "पूरे खामगाव तालुके में कापूस किसके घर नहीं उडता? तुमच्या मिशीत पण हाये."

होता. तो तर्क मी तात्पुरता बाजूला ठेवला.

मग बरोबरच्या चिन्हाकडे वळलो. चिन्ह नाही म्हणजे चोरीला गेलं. कीबोर्डवरची ती कळ मी उपसून पाहिली, खाली शेंगदाण्याचं टरफल निघालं, चिन्ह जागेवर होतं. तरी खबरदारी म्हणून फाईलीत दिसेल तिथं बरोबरची चिन्हं पेरली. आता लाल अक्षरं एका ओळीची होती ती चाळीस ओळींची झाली.

"तू काऊन करून राह्यला हे?" आसिफ म्हणाला.

"गुन्हेगाराला डिवचतोय."

त्यानं सगळी चिन्हं परत काढली.

तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आपण रांगेत तेविसावे आहात. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक जण म्हणाला, "फाईल नव्यानं डाऊनलोड करा," आणि ठेवला. केली. पहिल्यापासून सगळं नीट केलं, क्रमांक टाकला. तीच लाल ओळ. पुन्हा नवी. तीच. प्रत्येक वेळी अकरा पानं, मागचं पुढचं ताडून पाहायला. गुन्हेगार प्रत्येक नव्या फाईलीत, माझ्या डोळ्यांदेखत, घुसत होता. म्हणजे तो खोलीतच होता. मी दार आतून लावलं.

"दार उघड रे गजा," बाहेरून रुखमाबाई ओरडली. आमच्या दारासमोर तिची भज्यांची गाडी आहे. आमच्या वाया गेलेल्या प्रिंटांत ती भजे बांधते, हा आमचा जुना करार. "कागद संपले माये. गिऱ्हाईक उभं हाये."

मी टेबलावरचा गठ्ठा तिच्या हवाली केला आणि समोरच्या केंद्रात गेलो. तिथला राजकुमार माझा धंद्यातला शत्रू. त्याच्या कॉम्प्युटरवर कागद भराभर जात होते.

"राजकुमार, तुझी फाईल कशी चालते?"

"मी काय केलं? नंबर टाकला."

"फक्त नंबर?"

"मंग काय पोथी लिहू?"

"मीही फक्त नंबर टाकला," मी त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणालो. त्याच्या मॉनिटरवर वरच्या कडेला गजानन महाराजांचा फोटो चिकटवलेला, त्याला ताजा हार. हारात कॅमेरा लपवता येतो. मी हार उचकून पाहिला. त्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं, त्यावरून तो काहीतरी लपवत होता हे सिद्ध झालं.

परत आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. अलफिया दोन वाजल्यापासून त्याच खुर्चीत होती. कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आता तिनं घड्याळाकडे पाहणंही सोडून दिलं होतं, आणि साहेब, इथं माझा विनोद थोडा वेळ बंद पडला.

"हट," आसिफ म्हणाला. "मी करतो."

त्यानं चौथी फाईल उतरवली. क्रमांक टाकला. तीच लाल ओळ, तीच पहिली ओळ. आसिफनं कपाळाला हात लावला. सवयीनं प्रिंट काढला, पाहिला आणि खिडकीतून रुखमाबाईला दिला. आमचं संपलंच होतं.

साडेचारला रुखमाबाई हात पदराला पुसत आत आली आणि चार कागद टेबलावर ठेवले.

"हे वापस घ्या बापू. याच्यात मी भजे नाई बांधत."

"काऊन काकू?"

"तेलात बुडवू काय त्याले? देव हाये ना वर. बाकीच्या कागदावर नाई. हे तीन तुह्ये, हा एक आसिफचा."

मी पाहिलं. तीन कागदांच्या डोक्यावर, मधोमध, '॥ श्री ॥'. चौथ्याच्या डोक्यावर '७८६'. तिथंच, पहिल्या ओळीत.

साहेब, मी खोटं बोललो नव्हतो. मी फक्त क्रमांकच टाकला होता. श्री लिहिणं म्हणजे लिहिणं थोडंच असतं? बसायच्या आधी खुर्ची पुसतो, तसं ते. वही, पावती, किराण्याची यादी, बारावीची उत्तरपत्रिका, मी काहीही उघडलं की वर आपोआप श्री उमटतं. एकदा ब्लड बँकेच्या फॉर्मवर रक्तगटाच्या चौकटीत उमटलं होतं. आसिफचं तसंच ७८६. एकमेकांच्या पाठीमागून आम्ही दोघं वीस वर्षं हे पाहतोय, म्हणून दोघांनाही दिसलं नाही.

"पहिल्या ओळीत बरोबरचं चिन्ह नाही," आसिफ पुटपुटला. "मंग श्रीच्या बरोबर काय लिहिणार होता तू?"

"त्याच्या बरोबरीचं काय हाये जगात?"

"म्हणूनच थांबली ते लायब्ररी."

आता खोडायला हवं. मी आसिफकडे पाहिलं, आसिफनं माझ्याकडे.

"तू तुझं खोड," मी म्हणालो.

"तू तुह्यं खोड आधी."

"आज शुक्रवार हाये बे," आसिफच पुढं म्हणाला.

"शुक्रवारी मी देवीचं करतो."

पावणेपाच झाले होते. पुतळ्यासारखे उभे राहून आम्ही दोघं धर्म वाचवत होतो आणि एका पोरीची जागा जात होती. तेव्हा अलफिया उठली. कागद हातात घेतला, बोट ठेवलं.

"काका, फाईल बनवणाऱ्यानं पण खाली गप्पा मारल्या हायेत. हे पाहा, 'ही फाईल अमक्यासाठी', 'इथं किल्लीची जागा'. त्या ओळी मशीन वाचत नाही. प्रत्येकीपुढं ही छोटी जाळी हाये. शून्य-फुली खेळतो तशी. तुमच्या ओळीपुढं नाही. खोडू नका. पुढं जाळी टाका."

"देवाले जाळीत बसवता माये?" रुखमाबाईला पटेना.

"मच्छरदानी समझो, काकू," शकीला म्हणाली. "आराम करेंगे."

अलफियानं माझ्या शेवटच्या फाईलीत श्रीपुढं जाळी टाकली. देव जागेवर राहिला, फक्त त्याला कामाला लावलं नाही. बटण मी दाबलं. हिरवी अक्षरं आली. कागद गुंडाळले गेले, कुलूप लागलं, चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी तुमच्याकडे पोचले. पावती छापून आली तेव्हा अलफियानं ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवली. शकीला रडली नाही. रुखमाबाईला म्हणाली, "एक प्लेट बांधो. साध्या कागदात."

रुखमाबाईनं पैसे घेतले नाहीत. मला मात्र लावले.

इथं एरवी गुप्तहेर सगळ्यांना बसवून खुलासा करतो. मीही उभा राहिलो होतो, पण तोवर सगळे भजे खात होते. म्हणून खुलासा तुम्हाला लिहितोय, आणि त्यात माझा कबुलीजबाबही आला. फाईल मीच बिघडवली. चारपैकी तीनदा.

पण साहेब, ज्या देशात माणूस कोऱ्या कागदावर आधी देव लिहितो, त्या देशाच्या माणसांना तुम्ही एक फाईल दिली, म्हणालात बदल करा, आणि कुठं काय लिहायचं नाही याची एक ओळ लिहिली नाही. तुमच्या त्या पत्राच्या डोक्यावर काय छापलं होतं, पाहा जरा. बोधचिन्ह आणि खाली ब्रीदवाक्य. तुमचा देव तुम्ही पहिल्याच ओळीत बसवला होता.

आमच्या दारात रुखमाबाई होती. जिल्ह्यातल्या ज्या केंद्रापुढं भज्यांची गाडी नाही, तिथं त्या शुक्रवारी कोण पिशवी मांडीवर धरून बसलं होतं, आणि पाच वाजता त्यांचं काय झालं? किती जणांच्या जागा खालच्या नंबरला गेल्या? आकडा द्या, नावं द्या, लेखी द्या. 'आवश्यक ते' उत्तर नको आहे.

आणि उत्तराच्या वर काही छापू नका. पहिल्या ओळीपासून वाचणार आहे.